करवत झाडापाशी नेणारा इंजिनीअर : आंद्रेआस श्टील यांची गोष्ट आणि तुमच्या जुन्या चेनसॉची पहिली दुरुस्ती



तुमच्या गोठ्याच्या माळ्यावर किंवा पंपाच्या खोलीत एखादा जुना चेनसॉ धूळ खात पडला आहे का? पूर्वी घरातल्या कोणीतरी घेतलेला, चार-पाच पावसाळे हात न लागलेला, दोरी ओढली तर नुसता फुसफुसणारा? वादळात बांधावरचे झाड आडवे होते आणि रस्ता अडतो, तेव्हा अशा यंत्राची आठवण होते. मग आपण पाना घेऊन बसतो, दिसेल तो स्क्रू काढतो आणि संध्याकाळी सगळे भाग गोणपाटावर पसरलेले असतात. कोणता भाग कशासाठी होता, हे तेव्हा आठवत नाही.

पहिल्यांदाच चेनसॉ उघडणाऱ्याला मदत व्हावी, म्हणून आज एका माणसाचे आयुष्य सांगत आहोत. त्यांचे नाव आंद्रेआस श्टील. आपल्याकडे बरेच जण 'स्टील' म्हणतात. चेनसॉ त्यांनी एकट्याने शोधला असे नाही. पण दोन माणसांनाही जड जाणारे यंत्र एका माणसाच्या हातात येईपर्यंतचा बराचसा प्रवास त्यांच्या कारखान्यात झाला. वाटेत जी अडचण आली, तिच्यासाठी यंत्रात एक भाग वाढला. तो भाग कोणत्या अडचणीसाठी आला हे कळले, की तो का बिघडतो आणि कसा तपासायचा हेही समजते.

सॉ मिलच्या फेऱ्या मारणारा तरुण

आंद्रेआस श्टील यांचा जन्म 10 नोव्हेंबर 1896 रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे झाला. पुढे जर्मनीतील आयझेनाख येथे त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. 1926 मध्ये श्टुटगार्ट शहरात त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. सुरुवातीचे काम होते वाफेच्या बॉयलरसाठी लागणाऱ्या भट्ट्यांच्या यंत्रणा बनवण्याचे. बॉयलर वापरणाऱ्यांत सॉ मिलवाले बरेच होते, त्यामुळे त्यांच्याकडे जाणे-येणे वाढले.

तिथे त्यांनी पाहिलेले दृश्य आपल्याला नवीन नाही. दोन माणसे समोरासमोर बसून लांब करवत ओढत आहेत आणि एका ओंडक्यावर घटका घटका जात आहे. जंगलात झाड तोडायचे हाताने, ओढत आणायचे जनावरांनी, आणि यंत्राची करवत भेटायची ती थेट गिरणीत. श्टील यांनी हा क्रम उलटा करायचे ठरवले. लाकूड करवतीपाशी नेण्याऐवजी करवतच झाडापाशी न्यायची, हा विचार त्यांनी पुढे आयुष्यभर धरून ठेवला.

दोघांनी उचलायची करवत

1926 मध्येच त्यांनी विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली. वजन चाळीस किलोंच्या वर. एक माणूस मोटरच्या बाजूला, दुसरा पट्टीच्या टोकाला. ओंडक्याचे तुकडे करायला ती चांगली होती, पण विजेची तार जिथवर पोहोचेल तिथवरच तिचा उपयोग. वखारीत चालली, जंगलात नाही.

म्हणून पेट्रोल इंजिन आले. या शर्यतीत श्टील एकटे नव्हते. जर्मनीतच एमिल लेर्प यांनी 1927 मध्ये थुरिंगिया भागातील डोल्मार डोंगरावर पेट्रोलवर चालणारी साखळी करवत चालवून दाखवली होती. श्टील यांचे पेट्रोलवर चालणारे वृक्षतोड यंत्र 1929 मध्ये आले. वजन सुमारे 46 किलो, ताकद 6 अश्वशक्ती. एवढे वजन घेऊन दोघांनी डोंगर चढायचा आणि मग काम सुरू करायचे.

जंगलात गेल्यावर नवे प्रश्न उभे राहिले. पहिला प्रश्न ठिणगीचा. तिथे ना वीज, ना बॅटरी, म्हणून इंजिन फिरते तेव्हा त्याच फिरण्यातून ठिणगी तयार व्हायला हवी. हे काम मॅग्नेटो करतो, ज्याला आपले मेकॅनिक 'मॅग्नेट' म्हणतात. दोरीच्या मागे जे फिरते चाक असते, त्यात चुंबक बसवलेला असतो. जुन्या यंत्रात त्या चाकाखाली प्लॅटिन पॉइंट सापडतात. यंत्र वर्षानुवर्षे पडून राहिले की त्यांवर गंजाचा पातळ थर चढतो. यंत्र मेले असे समजून जे भंगारात जाते, त्यातल्या कितीतरी यंत्रांचे दुखणे फक्त एवढेच असते.

दुसरा प्रश्न साखळीचा. ती पट्टीच्या खाचेतून जोरात धावते, आणि तेल मिळाले नाही तर काही मिनिटांत पट्टी तापून निळी पडते. माणसाने मधूनमधून हाताने तेल सोडणे पुरेसे नव्हते. तिसरा प्रश्न क्लचचा. इंजिन सुरू असताना साखळी थांबलेली राहायला हवी, नाहीतर एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना पाय कापला जाईल. साखळीला आपोआप तेल देणारी रचना आणि वेग वाढला तरच पकड घेणारा सेंट्रिफ्युगल क्लच, या दोन्ही सुधारणा 1930च्या दशकात श्टील यांच्या यंत्रांत आल्या. आजही तुमच्या चेनसॉचे झाकण काढले की हे दोन्ही भाग शेजारी शेजारी दिसतात.

युद्ध आणि स्थानबद्धता

श्टील यांच्या आयुष्याचा हा भाग झाकून ठेवण्यासारखा नाही. ते नाझी पक्षाचे आणि एसएस या संघटनेचे सदस्य होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या करवती जर्मन सैन्याकडेही गेल्या. श्टुटगार्टवर बॉम्बहल्ले झाले, त्यात कारखान्याचे नुकसान झाले आणि काम जवळच्या वाइब्लिंगेन भागात हलवावे लागले. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने त्यांना स्थानबद्ध केले आणि 1948 मध्ये त्यांची सुटका झाली.

कामाची हुशारी आणि माणसाने घेतलेली बाजू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र उपयोगी पडले म्हणून ती बाजू पुसली जात नाही. यंत्रांचा इतिहास वाचताना हे लक्षात असू द्यावे.

ट्रॅक्टर, आणि एकट्याने चालवायची करवत

युद्धानंतरच्या जर्मनीत शेतीला यंत्रे हवी होती. 1948 च्या सुमारास श्टील यांच्या कारखान्यातून हवेने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनाचे छोटे ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. लहान शेतकऱ्याला परवडेल असे ते यंत्र होते. पण 1960च्या दशकात हा धंदा बंद झाला आणि करवतच मुख्य काम राहिले.

1950 मध्ये त्यांच्या कारखान्याने एका माणसाने चालवायची पेट्रोल करवत आणली. वजन सुमारे 16 किलो. 46 वरून 16 वर यायला एकवीस वर्षे लागली. आता दुसऱ्या माणसाची गरज संपली, पण एक अडचण उरली होती. ती समजायला तुमची मोटरसायकल आठवा.

मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये एक छोटी वाटी असते आणि तिच्यात पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट. गाडी आडवी पडली की पेट्रोल वाहते किंवा इंजिन बंद पडते, कारण वाटी सरळ असली तरच फ्लोट काम करतो. जुन्या करवतींतही असाच फ्लोटचा कार्बोरेटर होता. झाड पाडताना मात्र पट्टी आडवी धरावी लागते. मग इंजिन उभेच ठेवून फक्त पट्टी फिरवता येईल, अशी फिरती जोडणी यंत्रात द्यावी लागत असे. त्यात गिअर आले, वजन आले आणि झिजणारे भाग वाढले.

1959 : कोंट्रा

यावरचा उपाय म्हणजे डायफ्रामचा कार्बोरेटर. यात वाटी नाही आणि फ्लोटही नाही. एक पातळ, लवचीक पडदा असतो. इंजिनाच्या क्रँककेसमध्ये पिस्टन वर-खाली होताना जो दाब बदलतो, त्याच्या धक्क्याने पेट्रोल टाकीतून खेचले जाते आणि पडदा गरजेपुरतेच आत सोडतो. यंत्र उभे, आडवे, उलटे कसेही धरा, पुरवठा चालू राहतो. तुमच्या पाठीवरच्या ब्रश कटरमध्येही बहुधा हाच कार्बोरेटर आहे.

1959 मध्ये श्टील यांनी 'कोंट्रा' नावाचा चेनसॉ बाजारात आणला. डायफ्रामचा कार्बोरेटर, मधले गिअर काढून इंजिनाला थेट जोडलेली साखळी, वजन सुमारे 12 किलो आणि ताकद 6 अश्वशक्ती. आकडे पुन्हा पाहा. 1929 मध्येही ताकद 6 अश्वशक्तीच होती, पण वजन होते 46 किलो. तेवढीच ताकद चौथ्या हिश्शाच्या आसपास वजनात बसवायला तीस वर्षे गेली. तेव्हा श्टील बासष्ट वर्षांचे होते.

दुरुस्ती करणाऱ्यासाठी यात एक महत्त्वाची खूण आहे. डायफ्राम क्रँककेसच्या दाबावर चालतो. म्हणजे क्रँककेस हवाबंद हवा. क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील कडक झाले, चिरले, की तिथून हवा आत शिरते. पेट्रोलमध्ये हवा जास्त झाली की इंजिन भन्नाट पळते आणि ऐकणाऱ्याला वाटते, वा, यंत्र झकास झाले! पण या 2-स्ट्रोक इंजिनाचे वंगण पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. पिस्टन तापतो, सिलिंडरला घासतो आणि काही मिनिटांत जाम होतो. पहिल्यांदा चेनसॉ जोडणाऱ्याच्या हातून होणारे सगळ्यात महागडे नुकसान हेच.

दात शिकवले अळीने

साखळीच्या दातांचे श्रेय मात्र दुसऱ्याला जाते. सुरुवातीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे ओरबाडणारे होते. त्यांना सारखी धार लावावी लागे. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स यांनी 1946 मध्ये एका बुंध्यात खोड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी पाहिली. ती आपले जबडे डावीकडे-उजवीकडे चालवत लाकूड सहज कापत होती. त्यावरून त्यांनी एक दात डावा, एक उजवा अशी साखळी बनवली आणि 1947 मध्ये ती विकायला काढली. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच पद्धतीच्या आहेत.

आंब्याच्या खोडात भिरूड पोखरताना तुम्ही पाहिला असेल. आपल्या बागेचा शत्रू असलेल्या किडीच्याच जातकुळीतून हा शोध निघाला.

हात, कान आणि शेवटची वर्षे

हलकी आणि वेगवान करवत आली तसे नवे दुखणे पुढे आले. दिवसभर थरथरणारे यंत्र धरून कामगारांच्या बोटांतला रक्तप्रवाह बिघडू लागला, बोटे पांढरी पडू लागली. कान कायमचे बधिर होऊ लागले. 1960च्या दशकात हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये रबर बसवून कंपन कमी करण्याची पद्धत आली. पट्टी उसळली की साखळी क्षणात थांबवणारा ब्रेक त्यानंतरच सर्वत्र रुळला.

14 जानेवारी 1973 रोजी आंद्रेआस श्टील यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर मुलांनी व्यवसाय पुढे चालवला.

हा शेवटचा टप्पा तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. तुमचे यंत्र फार जुने असेल, तर त्यात ब्रेक नसेल आणि कंपन रोखणारे रबरही नसेल. कितीही उत्तम दुरुस्ती केली तरी ते येणार नाही.

पहिल्यांदा उघडताना : क्रमाने करायची कामे

1. आधी नोंद करा. मॉडेल क्रमांक लिहून घ्या. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढा. स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. बाहेरची घाण ब्रशने काढा. बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असू शकते, म्हणून ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरू नका.

2. पिस्टन पाहा. सायलेन्सर काढला की भोकातून पिस्टन दिसतो. तो गुळगुळीत असेल तर पुढे जा. उभे खोल ओरखडे असतील तर आधी पिस्टन-सिलिंडर मिळतो का आणि केवढ्याला, ते विचारा. तो मिळत नसेल तर बाकी खर्च करण्यात अर्थ नाही. कॉम्प्रेशन गेज मिळाला तर साधारण 120 पीएसआयच्या वर आकडा यावा.

3. ठिणगी तपासा. पेट्रोल दूर ठेवा. प्लग काढून त्याची बॉडी सिलिंडरला टेकवा आणि दोरी ओढा. ठिणगी नसेल तर आधी प्लग बदला, मग पॉइंट साफ करा. पॉइंटमधील अंतर बहुतेक जुन्या यंत्रांत 0.3 ते 0.4 मिमी असते. तुमच्या मॉडेलचा आकडा मिळाला तर तोच धरा.

4. पेट्रोलचा मार्ग नवा करा. टाकीतील नळी, फिल्टर, डायफ्राम आणि गॅस्केट बदला. डायफ्राम बोटाने दाबल्यावर कडक, कागदासारखा वाटला तर तो गेला आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. जुने रबर त्यात लवकर खराब होते, म्हणून काम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवा.

5. ऑइल सील बदला. हे काम टाळू नका. सोबत कार्बोरेटर आणि सिलिंडरमधील रबरी जोड चिरला आहे का, तेही पाहा.

6. क्लच जपून काढा. अनेक चेनसॉमध्ये क्लचचे आटे उलटे असतात, म्हणजे उजवीकडे फिरवल्यावर सुटतात. पिस्टन अडवण्यासाठी प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडा. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, पिस्टनला भोक पडेल. क्लचच्या स्प्रिंग ढिल्या किंवा तुटलेल्या असतील तर बदला.

7. साखळीचे तेल पाहा. पट्टीची खाच आणि तेलाचे भोक तारेने साफ करा. चालू यंत्राचे टोक कोरड्या ओंडक्यावर थोडे अंतर ठेवून धरा. लाकडावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. ती दिसल्याशिवाय लाकूड कापू नका.

8. साखळी, पट्टी, स्प्रॉकेट एकत्र तपासा. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी लवकर खराब होते. तिन्ही भागांचे माप एकच असावे.

9. मिश्रण बरोबर करा. जुन्या यंत्राची पुस्तिका नसेल तर चांगल्या 2-स्ट्रोक ऑइलने 25:1 पासून सुरुवात करा, म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 40 मिली ऑइल. नवीन यंत्राचे 50:1 हे प्रमाण जुन्याला लावू नका.

10. पहिली सुरुवात सावकाश. कार्बोरेटरचे एच आणि एल स्क्रू हलके बंद करून प्रत्येकी एक फेरा उघडा आणि तिथून जुळवा. मंद वेगात साखळी पूर्ण थांबलेली हवी. ॲक्सिलरेटर सोडल्यावर वेग लगेच उतरत नसेल, तर हवा शिरते आहे. यंत्र ताबडतोब बंद करा आणि पायरी 5 वर परत जा.

कापण्यापूर्वी

ब्रेक नसलेला चेनसॉ जमिनीवर पडलेल्या, पक्क्या टेकू दिलेल्या ओंडक्यापुरताच वापरा. उभे झाड पाडण्यासाठी, झाडावर चढून किंवा खांद्याच्या वर धरून वापरू नका. पट्टीच्या टोकाच्या वरच्या कोपऱ्याने लाकडाला स्पर्श झाला, तर ती तोंडाकडे उसळते. चष्मा, कानाला संरक्षण, जाड पँट आणि बूट हवेतच. काम करताना हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस ठेवा. आणि स्वतःच्या शेतातले असले तरी अनुसूचित झाड तोडण्यासाठी महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगी लागते, ती आधी घ्या.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती. गावात अवजारांचे शिबिर घ्याल तेव्हा एक बंद पडलेला चेनसॉ मध्ये ठेवा आणि वरच्या क्रमाने सगळ्यांसमोर उघडा. ठिणगी, तेल, क्लच, डायफ्राम हा प्रत्येक भाग दाखवताना तो कोणत्या अडचणीतून आला तेही सांगा. भाग का आहे हे एकदा समजले, की तो परत जागेवर बसवताना शेतकरी चुकत नाही आणि जोडल्यावर दोन स्क्रू हातात उरतही नाहीत.